बर्ड फ्लूचा धोका असताना कबुतरांच्या शर्यती आणि पक्षी-मेळावे : नियम कसे लावायचे?

शर्यतसचिव

शर्यतींचा हंगाम तोंडावर आला आणि कुठून तरी बर्ड फ्लूची बातमी आली, की मंडळांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "कबुतरांना तो होत नाही." दुसरं, "बंदी कोंबड्यांवर आहे, आपल्यावर नाही." दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, आणि त्यामुळेच दोन्ही घातक आहेत. संयोजकाने काय करायचं, ढाबळवाल्याने (ढाबळ म्हणजे कबुतरांचं घर) काय करायचं आणि मधेच प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झालं तर काय, हे एका जागी असावं म्हणून हा धागा काढला आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

आधी मेळावा कशाला म्हणायचं ते पाहू. मेळावा म्हटला की मंडप, पिंजऱ्यांच्या रांगा आणि बक्षिसं डोळ्यांसमोर येतात. रोगनियंत्रणाच्या हिशेबाने मात्र दोन किंवा जास्त ठिकाणचे पक्षी एकत्र आले, काही वेळ थांबले आणि पुन्हा वेगवेगळ्या ठिकाणी गेले की मेळावा झाला. त्यामुळे प्रदर्शन, लिलाव, बाजार हे तर आलेच, पण शर्यतीत वेगवेगळ्या ढाबळींची कबुतरं एकाच गाडीतून लांब नेऊन सोडतात आणि ती उडत आपापल्या घरी येतात, म्हणून आदल्या संध्याकाळी ती टोपल्यांत भरायची जागाही मेळावाच. कबुतरं घेऊन जाणारी गाडीही मेळावाच. दोन ढाबळवाल्यांनी सरावासाठी एकाच गाडीत आपापली कबुतरं नेली तर तोही छोटा मेळावा झाला. स्वतःच्या ढाबळीवरून स्वतःचा थवा उडवणं किंवा एकट्याने आपलीच कबुतरं लांब नेऊन सोडणं हा मेळावा नाही. त्याला प्रतिबंधित क्षेत्राचे नियम मात्र लागतात.

हुकूम वाचताना तो कोणत्या पक्ष्यांसाठी आहे हे शब्दशः पाहा. ब्रिटनमध्ये परवाने पक्ष्यांच्या गटांनुसार वेगळे असतात. कोंबडी-टर्की-तितर एका गटात, बदक-हंस दुसऱ्या, कबुतरं तिसऱ्या. तिथे कोंबड्या-बदकांच्या मेळाव्यांना बंदी असतानाही कबुतरांच्या मेळाव्यांना सर्वसाधारण परवान्याखाली अटींसह मुभा राहिलेली आहे. "अटींसह" हा शब्द इथे महत्त्वाचा. जिथे हुकुमात नुसतं "पक्षी" असं लिहिलेलं असतं, तिथे कबुतरं त्यात आलीच. स्वतः अर्थ काढत बसू नका. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

पक्षीवैद्य

"कबुतरांना होत नाही" या वाक्याबद्दल.

बर्ड फ्लू हा इन्फ्लुएन्झा ए विषाणूचा आजार आहे. पाळीव पक्ष्यांत झपाट्याने मरतूक करणारे प्रकार एच५ आणि एच७ या गटांतले असतात. आज जगभर फिरणारा एच५एन१ हा १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात हंसांमध्ये सापडलेल्या विषाणूच्या वंशावळीतला आहे. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये त्याची १८ माणसांना लागण झाली आणि ६ दगावली. २००५ मध्ये छिंगहाई सरोवरावर रानपक्ष्यांमध्ये मोठी मरतूक झाली आणि त्यानंतर तो स्थलांतरित पाणपक्ष्यांबरोबर दूरवर गेला.

कबुतरे या विषाणूला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, हे खरे आहे. प्रयोगशाळेत मुद्दाम लागण केलेल्या कबुतरांपैकी बरीच आजारीच पडली नाहीत. ज्यांना लागण झाली त्यांनी विषाणू थोडा आणि थोडेच दिवस बाहेर टाकला. सोबतच्या पक्ष्यांना लागण होणे क्वचितच दिसले. पण सगळे एच५एन१ प्रकार सारखे नाहीत. काही प्रकारांनी कबुतरे मेल्याच्याही नोंदी आहेत.

आणि लागण न होताही पक्षी विषाणू वाहून नेऊ शकतो. पायाला, पिसांना, चोचीला चिकटलेली बदकाची ओली विष्ठा पुरेशी आहे. टोपलीच्या तळाला, गाडीच्या फळीला, माणसाच्या बुटाला हेच लागू पडते. विष्ठेतला विषाणू ४ अंश सेल्सिअसला ३५ दिवसांपर्यंत आणि ३७ अंशांना सुमारे ६ दिवस तग धरतो. २२ अंशांच्या पाण्यात तो सुमारे ४ दिवस राहतो, ० अंशाला ३० दिवसांहून अधिक. थंडीत धोका का वाढतो ते यावरून कळेल. उन्हाळ्यातही "आठवडाभर टोपल्या उन्हात पडल्या होत्या, आता काय राहणार" असे धरून चालू नका. उन्हात वरचा भाग सुकतो, फटीतली विष्ठा ओलीच राहते.

ज्याच्या घरी कबुतरांबरोबर कोंबड्या किंवा बदके आहेत, त्याचा धोका सर्वांत जास्त. तिथे कबुतर फक्त वाहक ठरले तरी पुरे. अशा सभासदाने साथीच्या काळात शर्यतीत भाग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मंडळाने नोंदणी अर्जावरच "आपल्याकडे कोंबड्या, बदके, हंस, टर्की आहेत का" हा प्रश्न छापावा.

शर्यतसचिव

अर्जावरचा प्रश्न उत्तम सूचना आहे. क्षेत्रांचंही इथेच लिहून टाकतो.

रोग निश्चित झाला की त्या जागेभोवती वर्तुळं आखतात. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये आतलं वर्तुळ ३ किमी त्रिज्येचं आणि बाहेरचं १० किमीचं. भारताच्या कृती आराखड्यात १ किमीपर्यंत बाधित क्षेत्र आणि त्यापुढे १० किमीपर्यंत निगराणी क्षेत्र. देश कुठलाही असो, मंडळाने स्वतःसाठी १० किमीचीच रेषा धरावी. त्या रेषेच्या आत भरण्याची जागा नको, सोडण्याची जागा नको आणि सहभागी ढाबळही नको. तिन्ही तपासायच्या. बहुतेक मंडळं फक्त सोडण्याची जागा पाहतात आणि तिथेच चूक होते, कारण सोडलेलं कबूतर आपल्या ढाबळीतच जाणार. ढाबळ क्षेत्रात असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने पक्षी प्रतिबंधित क्षेत्रात पाठवलात.

यासाठी नवीन काही करावं लागत नाही. वेग काढण्यासाठी प्रत्येक ढाबळीचे अक्षांश-रेखांश मंडळाकडे असतातच. तेच नकाशावर टाका आणि बाधित ठिकाणापासून सरळ रेषेतलं अंतर मोजा. रस्त्याचं अंतर नको, ते नेहमी जास्तच भरतं. घाईत अंदाज हवा असेल तर उत्तर-दक्षिण एक मिनिट अक्षांश म्हणजे सुमारे १.८५ किमी. ९ आणि ११ किमीच्या मधल्या ढाबळींचा निर्णय मात्र अंदाजावर नको. अधिकृत नकाशाच पाहा, कारण वर्तुळाची हद्द बऱ्याचदा रस्ता किंवा ओढा धरून वाढवतात.

नकाशा तीनदा पाहायचा. नोंदणी घेताना, गाडी सुटायच्या आधी आणि टोपल्या उघडायच्या आधी. पाहणाऱ्याने वेळ लिहून सही करायची.

टोपलीवाला

आता टोपल्या भरण्याकडे येऊ. खरी सरमिसळ इथेच होते. आकाशात कबुतरं काही तास थव्याने उडतात. टोपलीत ती रात्रभर एकमेकांच्या अंगाला अंग लावून, एकाच पन्हळीतून पाणी पीत, एकमेकांच्या शिटेवर उभी असतात. म्हणून नियमांचा सगळा जोर टोपलीवर हवा.

भरण्याच्या जागी सभासदांनी एकदम गर्दी करायची नाही. दर १० मिनिटांना एक ढाबळ अशी वेळ वाटून द्या. आपली टोपली सभासदाने टेबलापर्यंतच आणायची. पुढे कबूतर हातात घेणारा माणूस मंडळाचा, आणि तो दर ढाबळीनंतर हात धुणार किंवा हातमोजे बदलणार. टेबलावर कापड नको. गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा ठेवा आणि दर ढाबळीनंतर पुसा. सभासदाची रिकामी टोपली मंडळाच्या टोपल्यांवर रचायची नाही. ही चूक जवळजवळ सगळीकडे होते. घरच्या टोपलीच्या तळाला घरचीच घाण असते, ती खालच्या टोपलीतल्या परक्या कबुतरांवर गळते.

टेबलावर प्रत्येक पक्षी पाहायचा. मान सरळ आहे का, डोळे स्वच्छ आहेत का, नाकावरची पांढरी गादी कोरडी आहे का, गुदद्वाराभोवतीची पिसं हिरवट पातळ शिटेने माखली आहेत का, श्वास घेताना चोच उघडते का. यातलं एकही चिन्ह दिसलं तर त्या एका पक्ष्याबरोबर त्या ढाबळीचे सगळे पक्षी परत. "हा एकच काढून ठेवतो, बाकीचे घ्या" ही विनंती मान्य करायची नाही.

तळाला नालीदार पुठ्ठा किंवा जाड कागद. बारीक लाकडी भुसा नको, त्याची धूळ सुकलेली शीट घेऊन उडते. गाडीत टोपल्या एकावर एक असतात, तेव्हा प्रत्येक थराखाली न गळणारा ट्रे हवाच. ट्रेच्या कडा निदान बोटभर उंच असाव्यात, नाहीतर वळणावर सगळं खाली सांडतं. पाण्याच्या पन्हळी गाडीबाहेर रिकाम्या करायच्या असतील तर शेतात, ओढ्यात, तळ्याकाठी नको. बादलीत काढा, जंतुनाशक घाला, मग मोरीत सोडा.

दाणापाणी

एक टोपली एक ढाबळ असा नियमच का करू नये? सरमिसळच होणार नाही.

टोपलीवाला

@दाणापाणी, ऐकायला सोपं वाटतं, पण अडचणी तीन. पहिली, शर्यतीत वेगवेगळ्या ढाबळींची कबुतरं मिसळण्यामागे गैरप्रकार टाळण्याचा हेतू असतो. त्याऐवजी प्रत्येक टोपलीला क्रमांकाचं सील लावावं लागेल आणि सुटताना ते दोन साक्षीदारांसमोर तोडावं लागेल. दुसरी, कोणाचे ४ पक्षी, कोणाचे ३०. चार पक्ष्यांसाठी मोठी टोपली दिली तर गाडी हलताना ते घसरतात आणि नर असतील तर भांडून जखमी होतात. छोट्या कप्प्यांच्या टोपल्या लागतात. तिसरी अडचण जागेची. त्याच गाडीत निम्मेच पक्षी मावतात.

सराव-फेऱ्यांना आणि लहान मंडळांना तुमचा नियम नक्की लावावा. मोठ्या गाडीला निदान एवढं करा. शेजारशेजारच्या ढाबळींची कबुतरं एका टोपलीत, आणि प्रत्येक टोपलीसाठी वेगळा कागद. कागदावर टोपली क्रमांक, प्रत्येक पक्ष्याचा कडी क्रमांक (पायातल्या कडीवरचा), ढाबळ, भरल्याची वेळ, भरणाऱ्याचं नाव. नुसती सभासदनिहाय यादी ठेवून उपयोग नाही. उद्या एका ढाबळीत रोग निघाला तर पहिला प्रश्न येणार, त्या रात्री या कबुतरांच्या शेजारी कोण होतं? टोपलीनिहाय यादी असेल तर दहा ढाबळी तपासाव्या लागतील. नसेल तर दोनशे.

नोंदी निदान ३ महिने जपा. स्थानिक नियमात मुदत जास्त असेल तर तितके दिवस. गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव आणि थांब्यांच्या जागाही त्यात हव्यात.

नवी_ढाबळ

टोपल्या धुण्यासाठी १० लिटरच्या बादलीत १०० मिलिलिटर ब्लीच टाकून वरून फवारलं तर पुरेल ना?

मोजमाप

@नवी_ढाबळ, नाही पुरणार. साधं घरगुती ब्लीच म्हणजे सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट. १०० मिलि १० लिटरमध्ये म्हणजे ०.०५ टक्के. आपल्याला निदान ०.५ टक्के हवं. म्हणजे १ लिटर ब्लीच आणि ९ लिटर पाणी. बाटलीवरची टक्केवारी आधी वाचा, ती वेगळी असेल तर हिशेब बदलेल. बाटली जुनी किंवा उन्हात राहिलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, तिच्यावर विसंबू नका. पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं.

पण त्याहून मोठी चूक "वरून फवारलं" या शब्दांत आहे. शिटेच्या थरावर फवारलेला क्लोरीन शिटेशीच लढून संपतो, खाली विषाणू जसाच्या तसा. क्रम असा ठेवा. आधी थोडं पाणी शिंपडून शीट ओली करा, कोरडी खरवडली तर धूळ नाकात जाते. मग खरवडणीने काढा आणि पिशवीत भरा. मग कोमट पाणी, साबण किंवा डिटर्जंट आणि कडक ब्रश. हा विषाणू चरबीच्या आवरणाचा आहे. साबणाने ते आवरण फुटतं, म्हणून धुणं हेच निम्मं निर्जंतुकीकरण आहे. त्यानंतर स्वच्छ पाण्याने खळबळून पाणी निथळू द्या, कारण साचलेल्या पाण्यात जंतुनाशक आणखी पातळ होतं. शेवटी जंतुनाशक, आणि पृष्ठभाग पूर्ण १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. उन्हात ३ मिनिटांत सुकला तर पुन्हा मारा. परत धुऊन पूर्ण वाळवा.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, आम्ल किंवा अमोनियाचा क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. साचलेल्या शिटेतही अमोनिया असतो, म्हणून बंद ढाबळीत न खरवडता ब्लीच ओतणंही वाईटच. ब्लीचने धातूच्या जाळ्या गंजतात. जाळीसाठी पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटची पावडर बरी, १ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम, १० लिटरला १०० ग्रॅम. गुलाबी पावडर असेल तर द्रावणाचा रंग फिकट पडला की ओतून टाका. क्वाटर्नरी अमोनियम प्रकारचं जंतुनाशक वापरत असाल तर आधीचा साबण पूर्ण निघालाच पाहिजे, साबण त्याला निकामी करतो. आणि कडाक्याच्या थंडीत सगळीच जंतुनाशकं मंदावतात, म्हणून वेळ वाढवा.

पाय बुडवायच्या तसराळ्याबद्दल एक वाक्य. चिखललेल्या बुटाने क्षणभर पाय टेकवून काही होत नाही. तळवा ब्रशने घासून मग बुडवा. त्यापेक्षा ढाबळीसाठी वेगळी चप्पल आत ठेवणं कितीतरी खात्रीचं.

उत्तरवारा

शर्यतीच्या आखणीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

शर्यतीचं कबूतर सरळ घरी आलं तर वाटेत त्याचा कोणाशी संबंध येत नाही. ते खाली उतरलं की येतो. उतरतं पाण्यासाठी, आणि उतरतं तिथेच जिथे बदकं, पाणकोंबड्या, बगळे पाणी पितात. त्यामुळे धोक्याच्या काळात प्रत्येक निर्णय घेताना "यामुळे कबूतर खाली उतरेल का" हेच विचारावं.

अंतर असं ठेवा की मागे राहिलेलं कबूतरही दिवस मावळायच्या आत पोचेल. चांगल्या हवेत ताशी ६० ते ८० किमी वेग धरला तर ३०० किमीला चार-पाच तास. समोरून वारा आणि वरून ऊन असेल तर हाच वेळ सहज दीडपट होतो आणि तहानेने पक्षी उतरतात. अशा दिवशी सोडूच नये. सोडण्याआधी टोपलीत सगळ्यांना पोटभर पाणी मिळालं पाहिजे. कडेच्या पक्ष्यांनी पन्हळ अडवली तर मधले तहानलेलेच सुटतात, म्हणून दोन्ही बाजूंनी पन्हळ लावा. सोडण्याची जागा तळी, खाडी, पाणथळ आणि कुक्कुटपालनाच्या शेडपासून दूर हवी.

घरच्या उड्डाणालाही हेच लागू. कबुतरं दाण्याच्या आधी उडवा, नंतर नको. एका कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा लागतो. उपाशीपोटी उडालेला थवा शिट्टी ऐकून लगेच आत येतो. पोट भरलेला छपरांवर, शेतांवर रेंगाळतो. ग्रिट (बारीक खडे), खनिज आणि थोडं मीठ ढाबळीत कायम असेल तर ती माती टोचायला शेतात उतरत नाहीत. उडून झाल्यावर उतरण्याची फळी आणि आत येण्याचं दार यांच्याजवळ पाण्याचं उघडं भांडं नको. त्यावर रानपक्षी येतात. पाणी आणि दाणा फक्त आत ठेवा. छपरावरून पडणारं पावसाचं पाणी पिण्यासाठी वापरू नका.

शर्यतसचिव

आता अवघड भाग. रात्री टोपल्या भरल्या, गाडी निघाली आणि पहाटे नवीन क्षेत्र जाहीर झालं.

क्षेत्र सोडण्याच्या जागेभोवती जाहीर झालं आणि गाडी अजून बाहेर आहे : आत जायचं नाही. आधीच ठरवलेल्या पर्यायी जागी जा, नाहीतर परत फिरा.

गाडी क्षेत्राच्या आत उभी आहे : टोपली उघडायची नाही आणि गाडीही हलवायची नाही. अधिकाऱ्यांना फोन करा, परवानगी मिळाल्यावरच निघा. न विचारता "घाईघाईत बाहेर काढतो" म्हणणं सर्वांत वाईट, कारण मग त्या गाडीतले सगळे पक्षी संशयित ठरतात.

क्षेत्र काही ढाबळींभोवती जाहीर झालं : इथे टोपलीवाला यांनी सांगितलेली टोपलीनिहाय यादी कामाला येते. त्या ढाबळींचे पक्षी ओळखून बाजूला काढायचे आणि सोडायचे नाहीत. पण ठेवायचे कुठे? हे आधी ठरवलेलं नसेल तर ते टोपलीतच राहतात आणि दुसऱ्या दिवशी हाल होतात. म्हणून हंगामाआधीच एक रिकामी, जाळी लावलेली, इतर पक्षी नसलेली थांबा-ढाबळ ठरवून ठेवा. दाणा, पाणी आणि देखरेखीचा माणूस कोण, हे आराखड्यात लिहा. त्यांच्याच टोपलीत रात्र काढलेले इतर पक्षी सोडायचे का, हेही अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवा.

पक्षी सोडून झाल्यावर क्षेत्र जाहीर झालं तर परत बोलावता येत नाहीत. तेव्हा पोचलेले पक्षी लगेच आत घ्या, ढाबळ बंद करा, पोचल्याची वेळ नोंदवा आणि स्वतःहून कळवा.

शर्यत झाल्यावर १४ दिवस कोणत्याही सहभागी ढाबळीने पक्षी विकू, देऊ किंवा दुसऱ्या मेळाव्यात नेऊ नये. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत लागण ते लक्षणं हा काळ १४ दिवस धरलेला आहे, म्हणून हा आकडा. दर आठवड्याला शर्यत असणाऱ्यांना हे जड जातं, मान्य. मग निदान शर्यतीचा संच वेगळ्या कप्प्यात ठेवा. जोड्या, पिल्लं आणि न उडणारे पक्षी त्यांच्यात मिसळू नका.

पक्षीवैद्य

मान वाकडी झालेले कबूतर दिसले की फोन येतो, "बर्ड फ्लू झाला का?" बहुतेक वेळा तो कबुतरांचा पॅरामिक्सो असतो, म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडीच्या (राणीखेत) विषाणूचाच कबुतरांतला प्रकार. पातळ पाण्यासारखी हिरवट शीट, मान मुरगळणे, दाणा टिपताना चोच बाजूला पडणे, पंख किंवा पाय लुळा पडणे ही त्याची लक्षणे. डोळ्यांनी पाहून दोन्ही आजारांत फरक सांगता येत नाही. टाळूतला आणि गुदद्वारातला स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर करावे लागते. त्यामुळे लक्षण दिसले की कळवायचे, निदान आपण करायचे नाही.

पॅरामिक्सोही हलका घेऊ नये. १९८४ साली ब्रिटनमध्ये कोंबड्यांत मानमोडीच्या साथी आल्या. लिव्हरपूलच्या गोदीत साठवलेले खाद्य लागण झालेल्या कबुतरांच्या विष्ठेने दूषित झाले होते, हे त्याचे कारण. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या आणि प्रदर्शनाच्या कबुतरांना पॅरामिक्सोची लस कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्याकडे नसेल तर मंडळाने स्वतः बंधनकारक करावी. शर्यतीच्या किमान १४ दिवस आधी दिलेली असावी आणि वर्षातून एकदा पुन्हा.

निष्क्रिय लस मानेच्या मागच्या बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात, कातडीखाली देतात. सुई शरीराच्या दिशेने, डोक्याच्या दिशेने नाही. मात्रा उत्पादनानुसार ०.२ ते ०.२५ मिलि असते, पत्रक वाचून भरावी. मानेच्या कातडीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सुई त्यात गेली तर कबूतर हातातच रक्तस्रावाने मरू शकते, म्हणून कातडी चिमटीत उचलून मधोमध टोचा. लस शरीराच्या तापमानाजवळ आणून, बाटली हलवून घ्या. प्रत्येक ढाबळीला नवी सुई. या लशीने बर्ड फ्लूपासून संरक्षण मिळत नाही, हे प्रमाणपत्र दाखवणाऱ्यांना आवर्जून सांगा.

मेलेला पक्षी कापून पाहू नका. हातमोजे, एन-९५ मास्क आणि चष्मा घालून, पिशवी हातावर उलटी करून पक्षी उचला. त्यावर दुसरी पिशवी, बाहेरून जंतुनाशकाने पुसा, थंड जागी ठेवा आणि अधिकाऱ्यांची वाट पाहा. खाद्याच्या फ्रीजमध्ये नको. मांजर ढाबळीपासून दूर ठेवा, एच५एन१ने मांजरे मरतात. संशयित पक्षी हाताळलेल्या माणसाला पुढच्या १० दिवसांत ताप, खोकला किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पक्ष्यांशी आलेला संबंध आधी सांगावा. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये हा विषाणू पसरला, तेव्हा माणसांमध्ये डोळे येणे हे ठळक लक्षण दिसले होते.

पिंजरारांग

प्रदर्शनांबद्दल थोडक्यात. बदक-हंस आणि कोंबड्या एका छताखाली नकोत. बदकं लक्षणं न दाखवता विषाणू बाळगू शकतात, त्यामुळे दारावरच्या तपासणीत ती सुटतात. धोक्याच्या काळात पाणपक्ष्यांचा विभागच रद्द करा. पिंजऱ्यांच्या बाजू भरीव असाव्यात, पाण्याची वाटी प्रत्येकाची वेगळी. परीक्षक हा सगळ्यांत जास्त पक्ष्यांना हात लावणारा माणूस असतो. म्हणून दर पक्ष्यानंतर हात निर्जंतुक, काठीही पुसायची, आणि अंगरखा मंडळाने दिलेला. घरी कोंबड्या असलेला परीक्षक नको. प्रेक्षकांना पिंजऱ्यापासून हातभर लांब दोरी लावा. विक्री असेल तर विकत घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि पक्ष्याचा कडी क्रमांक लिहिल्याशिवाय पक्षी दाराबाहेर जाऊ देऊ नका. प्रदर्शनात पक्षी कोणाचा ते माहीत असतं. विकलेला पक्षी कुठे गेला हेच नंतर सापडत नाही.

दाणापाणी

टोपलीबद्दल पटलं. सरावासाठी कप्प्यांच्या टोपल्या आणि सील असं करून पाहतो.

भरकटून दुसऱ्याच्या ढाबळीत उतरलेल्या कबुतराचं काय करायचं? सगळे दाणा-पाणी देऊन दुसऱ्या दिवशी सोडून देतात.

टोपलीवाला

@दाणापाणी, धोक्याच्या काळात ती सवय सोडावी लागेल. आलेलं कबूतर थव्यात मिसळायच्या आत वेगळं पकडा. वेगळा पिंजरा, वेगळी भांडी, ढाबळीपासून वेगळ्या हवेची जागा. त्याचं काम रोज सगळ्यांत शेवटी करा आणि नंतर हात धुऊनच बाहेर या. कडी क्रमांक वाचून मंडळाला कळवा. मालक सापडला तरी लगेच देवाणघेवाण नको. आधी त्याची ढाबळ आणि तुमची ढाबळ, दोन्ही क्षेत्राबाहेर आहेत का ते नकाशावर पाहा. दोन्ही बाहेर असतील आणि १४ दिवसांत पक्षी ठणठणीत राहिला तर हातोहात न्यावा, सोडून देऊ नये. ज्या कबुतराला एकदा वाट सापडली नाही, ते सोडल्यावर पुन्हा कुठे उतरेल सांगता येत नाही.

कोंबड्यांच्या शेडमध्ये उतरलेलं असेल तर मात्र शेडमालकानेच अधिकाऱ्यांना कळवायचं. आपण ते आणायला शेडमध्ये जायचं नाही.

नवी_ढाबळ

कडी जुनी, आकडे झिजलेले असतील तर?

टोपलीवाला

पायावरची शीट ओल्या कापसाने पुसा, आधी हातमोजे घाला. मोबाइलने चारही बाजूंनी, तिरक्या उजेडात फोटो काढा. कडी फिरवता येते, पण ओढून काढायचा प्रयत्न करू नका. बंद कडी पिल्लू आठवड्याचं असतानाच घातलेली असते, मोठ्या पायातून ती निघत नाही आणि पाय मोडतो. वर्ष आणि शेवटचे दोन-तीन आकडे कळले तरी मंडळाच्या टोपली-याद्यांवरून ढाबळ शोधता येते.